थांबलेल्या वेगाचे काय होते?

धनुष्यापासून सुटलेला बाण पुढे का जातो आणि काही अंतरावर खाली का पडतो, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी मोठ्या बारकाईने केला आहे. कणादसूत्रांच्या मते बाणाची पहिली हालचाल दोरीच्या रेट्याने होते. त्या हालचालीपासून बाणाच्या ठिकाणी एक संस्कार उत्पन्न होतो. पुढच्या साऱ्या हालचाली हा संस्कारच घडवून आणतो, आणि तो संपला म्हणजे गुरुत्व बाणाला जमिनीवर आणते. या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी या वेगनामक संस्काराचे वर्णन करताना त्याचा विरोधी कोण हेही सांगून ठेवले आहे: ज्याला स्पर्श आहे अशा द्रव्याशी घडलेला विशिष्ट प्रकारचा संयोग. चालत्या मोटारीचा ब्रेक दाबला असता लायनर ड्रमला भिडून जो प्रकार घडतो, त्याला हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. प्राचीन ग्रंथांतून विमाने आणि तारायंत्रे शोधून काढणाऱ्यांच्या पंगतीला बसण्याची मला हौस नाही; वैशेषिकांना मोटार ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पण वेग नष्ट होतो असे एकदा म्हटल्यावर, नष्ट होतो म्हणजे त्याचे नेमके काय होते, त्याच्या जागी काही शिल्लक उरते की खाते कोरे होते, हा प्रश्न उरतोच. आणि तो बाणापुरता किंवा मोटारीपुरता मर्यादित नाही. मनाचा आवेग आवरू पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला तो कधी ना कधी पडतो.

आपल्याकडील प्रवचनकारांनी, आणि विशेषतः तरुणांच्या हितासाठी लहानलहान पुस्तके लिहिणाऱ्या उपदेशकांनी, या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. त्यांचे म्हणणे असे की, रोखलेला आवेग नाहीसा होत नाही, तो साठतो. रोखलेल्या कामाचे ओज होते, रोखलेल्या क्रोधाचे तेज होते, आणि ज्याने आयुष्यभर असे रोखून धरले त्याच्या खजिन्यात एवढी शिल्लक जमते की, वेळ येताच ती खर्ची घालून तो असाध्य ते साध्य करतो. या मताला एवढी लोकप्रियता का लाभली हे उघड आहे: संयमासारख्या रुक्ष गोष्टीला ते व्याजाची आशा लावून देते. पश्चिमेकडे फ्रॉइडने वासनांच्या उदात्तीकरणाची उपपत्ती मांडली, आणि कोन्राड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९५० मध्ये सहजप्रवृत्तींचे चित्र टाकीत साठत जाणाऱ्या द्रवाच्या रूपाने रेखाटले, तेव्हा त्यांच्याही मनापुढे दाबाखाली कोंडलेल्या द्रवाचीच प्रतिमा होती. हे मत कितपत ग्राह्य धरावे याचा विचार करताना, रोखलेला वेग दाबाखाली कोंडून पुन्हा वापरण्याची क्रिया ज्यात अलंकारिक अर्थाने नव्हे तर शब्दशः घडते, असे एखादे यंत्र समोर ठेवून पाहिले तर पुष्कळ खुलासा होण्यासारखा आहे. असे यंत्र अस्तित्वात आहे. हायड्रॉलिक हायब्रिड या नावाने ओळखली जाणारी मोटार ती हीच.

अमेरिकेतील एखाद्या शहराच्या वस्तीतून सकाळी फिरणारी कचऱ्याची मोटार डोळ्यांपुढे आणावी. एका घराशी थांबायचे, पिंप उचलून उपडे करायचे, इंजिन गुरगुरवीत चार घरे पुढे जायचे आणि पुन्हा थांबायचे. दिवसातून शेकडो वेळा हाच क्रम. मोटारीचे वजन १५ टन आणि वेग ताशी ३६ किलोमीटर धरला, तर तिच्या गतीत साडेसात लाख जूल ऊर्जा असते. ब्रेकवर पाय पडला की ही सारी ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन हवेत निघून जाते. लायनर झिजतो, ड्रम तापतो, आणि उताराचा रस्ता असेल तर जळकट वासही येतो. आता, एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख जूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. या हिशेबाने अशा एका थांब्यापायी सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे जुन्या भाषेत छटाकभर, डिझेल केवळ ड्रम तापवण्यात खर्ची पडते. वेग निम्मा असेल तर नुकसान चौथाई होते हे खरे, परंतु शेकडो थांब्यांची बेरीज केली म्हणजे संध्याकाळपर्यंत हा आकडा मामुली राहत नाही.

हायड्रॉलिक मोटारीत हा खर्च वाचवण्याची तजवीज अशी केलेली असते. चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला एक यंत्र जोडलेले असते, ज्याला पंप म्हणावे तर ते मोटरही आहे आणि मोटर म्हणावे तर पंपही आहे. त्याच्या पोटात वर्तुळाकार मांडलेले दट्टे असून, त्यांची धाव कमीजास्त करता येते. ब्रेकवर पाय पडताच चाके हे यंत्र फिरवू लागतात. ते कमी दाबाच्या टाकीतून तेल ओढते आणि जाड कवचाच्या एका नळकांड्यात रेटते. नळकांड्यात रबराची पिशवी असते आणि पिशवीत नायट्रोजन भरलेला असतो. तेल दबत नाही, किंवा दबते ते नगण्य. दबतो तो वायू. तेल जसजसे आत शिरते तसतशी पिशवी आक्रसते, दाब चढत जातो, आणि वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३५० पटींपर्यंत तो पोचू शकतो. तेल आत रेटायला लागणारे हे वाढते बळ चाकांनीच पुरवायचे असल्यामुळे चाके मंदावतात. म्हणजे थांबवण्याचे काम तर झालेच, पण थांबवण्यात जे गेले असते ते वायूच्या ताणात जमा झाले. चालकाने पुन्हा वेग मागितला की झडप उघडते, वायू प्रसरण पावतो, तेल त्याच यंत्रातून उलट वाहते, आणि जो पंप होता तो मोटर बनून चाके फिरवतो. जड मोटार जागची हलवणे हा इंजिनाच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक प्रसंग असतो, आणि नेमका तोच प्रसंग अशा रीतीने निभावून जातो. साधी हवा न वापरता नायट्रोजन वापरतात याला कारण आहे: एवढ्या दाबाखाली तापलेला प्राणवायू आणि तेलाची वाफ एकत्र आली तर स्फोट व्हायचा. जो वायू कशातच गुंतत नाही, त्याच्याच स्वाधीन एवढा दाब करता येतो.

द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ज्या नियमावर हे सारे उभे आहे तो नियम ब्लेझ पास्कालचा. आणि धर्मचिंतनाच्या लेखात पास्कालचे नाव आल्यावर क्षणभर थांबल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर १६५४ मधील एका रात्री त्याला ईश्वराचा जो अनुभव आला त्याची टिपणी त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवली होती, आणि ती त्याच्या मृत्यूनंतरच सापडली. त्या रात्रीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र यांपासून त्याने पुष्कळ अंशी निवृत्ती पत्करली. पण रोखलेल्या त्या बुद्धीचा वेग कुठे गेला, हे पाहण्यासारखे आहे. १६५६ आणि १६५७ मध्ये जेझुइटांच्या विरुद्ध लिहिलेल्या पत्रांत तो धारदार उपरोध होऊन बाहेर आला, आणि १६५८ मध्ये चक्रज या वक्ररेषेच्या प्रश्नावर साऱ्या युरोपातील गणितज्ञांना आव्हान देण्यापर्यंत त्याची मजल पुन्हा गेलीच. आणखी एक गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. १६६२ मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, पॅरिसच्या रस्त्यांवर ठरावीक मार्गाने, ठरावीक वेळी धावणाऱ्या आणि पाच सू भाड्यात कोणालाही नेणाऱ्या घोडागाड्या सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. ‘कोणालाही’ म्हटले खरे, पण पॅरिसच्या न्यायमंडळाने शिपाई, नोकरचाकर आणि मजूर यांना त्यांत बसण्याची मनाई करून ठेवली. या गाड्यांच्या उत्पन्नातून गरिबांना मदत पाठवण्याची त्याची इच्छा होती असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. दाबाचा नियम सांगणारा आणि शहरात थांबतथांबत जाणारी सार्वजनिक गाडी सुरू करणारा माणूस एकच निघावा, आणि तो निवृत्तीच्या प्रश्नाने आयुष्यभर पोळलेला असावा, हा योगायोग आहे; पण असे योगायोग चुकवून पुढे जाण्याइतका मी व्यवहारी नाही.

यंत्राकडे परत यायचे तर, हे केवळ कागदावरचे बेत नव्हते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मिशिगन प्रांतातील अ‍ॅन आर्बर येथील प्रयोगशाळेत या तंत्रावर वर्षानुवर्षे काम झाले. ईटन कंपनी आणि सामान पोचवणारी यूपीएस यांच्या सहकार्याने २००६ मध्ये जी मोटार दाखवण्यात आली, तिच्यात इंजिनापासून चाकांपर्यंतचा गियरांचा सगळा पसारा काढून टाकून शक्ती तेलाच्याच मार्गाने नेली होती. इंजिनाने सोयीच्या गतीला चालून फक्त दाब भरावा, आणि दाब पुरेसा असेल तेव्हा चक्क बंद राहावे. शहरातील चालीच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांत तिच्यापासून इंधनाच्या दर लिटरमागे ६० ते ७० टक्के अधिक अंतर मिळाले. २००८ मध्ये यूपीएसने अशा सात मोटारी मागवल्या. कचऱ्याच्या मोटारींसाठी ईटन आणि पार्कर हॅनिफिन या कंपन्यांनी निरनिराळ्या यंत्रणा तयार केल्या. फ्रान्समधील प्यूजो-सित्रोएन समूहाने बॉशच्या मदतीने २०१३ मध्ये लहान खासगी मोटारीतही हीच युक्ती बसवून दाखवली. १०० किलोमीटरला २.९ लिटर इंधन हा त्यांचा दावा होता. ती मोटार विक्रीला मात्र कधीच आली नाही.

आणि इथेच ज्याला आपल्या उपदेशकांनी सोयीस्करपणे वगळले तो भाग सुरू होतो. विजेच्या बॅटरीशी तुलना केली तर या नळकांड्याचा स्वभाव विलक्षण आहे: काही सेकंदांत येईल तेवढे ते घेते आणि तेवढ्याच तडफेने परत करते, जे बॅटरीला सहसा जमत नाही, पण त्याची धारणशक्ती फार थोडी. काही लाख जूल घेतले की ते भरले. मोटार त्यानंतरही थांबायची असेल, लांब घाट उतरायचा असेल, किंवा समोर अचानक मूल आले असेल, तर जुना घर्षणाचा ब्रेकच लावावा लागतो, आणि म्हणून अशा प्रत्येक मोटारीत तो कायम ठेवलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, दाबला गेलेला वायू तापतो. थांबा क्षणाचा असेल तर ही उष्णता वायूतच राहते आणि प्रसरणाच्या वेळी कामी येते. पण थांबा लांबला की ती नळकांड्याच्या भिंतींतून बाहेर झिरपते, वायू थंड होतो, दाब उतरतो, आणि जमा केलेल्यातला हिस्सा न वापरताच गळून जातो. ही गळती कमी करण्यासाठी वायूच्या जागेत स्पंजासारखा पदार्थ भरून पाहण्यात आला. त्याने गळती मंदावते, थांबत नाही. थोडक्यात, वेग साठवता येतो, पण थोडा, थोड्या काळापुरता, आणि लवकर परत करायचा असेल तरच.

आता वैशेषिकांकडे वळू. त्यांच्या चोवीस गुणांत संस्कार हा एक गुण असून त्याचे तीन प्रकार मानलेले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे काय ते वर आलेच. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेल्या वस्तूला मूळ स्थितीवर आणणारा गुण. त्याची उदाहरणे देताना प्रशस्तपाद धनुष्य, फांदी, शिंग, दात, हाड, सूत आणि वस्त्र यांची नावे घेतात. भावना म्हणजे आत्म्याच्या ठिकाणी राहणारा, स्मरणाला कारण होणारा संस्कार. गेलेल्या पिढीत ज्यांचे संस्कृत शिक्षण तर्कसंग्रहावर झाले, त्यांनी हा त्रिविध विभाग पाठ केलेला असेल. मुंबई संस्कृत मालेत १८९७ मध्ये निघालेली आठल्ये आणि बोडस यांची त्या ग्रंथाची आवृत्ती अजूनही अभ्यासकांच्या हाती असते. धावणे, ताणले जाणे आणि आठवणे या तीन इतक्या भिन्न गोष्टी एकाच नावाखाली आणण्याचे वैशेषिकांचे धाडस मला नेहमीच थोर वाटत आले आहे. मात्र तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांनी स्थितिस्थापकाला केवळ पृथ्वी द्रव्याच्या ठिकाणी जागा दिली आहे, आणि वायूच्या अंगच्या ताणाची मोजदाद व्हायला रॉबर्ट बॉइलच्या १६६० च्या सुमाराच्या प्रयोगांची वाट पाहावी लागली.

वेग आणि स्थितिस्थापक यांचे नाते धनुर्धराच्या हातात प्रत्यक्षच होते: धनुष्याच्या ताणातून बाणाचा वेग निघतो. पण बाण परत येऊन धनुष्य वाकवतो आणि धनुष्य तोच बाण पुन्हा सोडते, असे दृश्य कोणी पाहिले नव्हते. हायड्रॉलिक मोटार हे दृश्य दाखवते. तिच्यात वेगाचा ताण होतो आणि ताणाचा वेग होतो, दोहोंचे मोजमाप एकाच नाण्यात करता येते, आणि जे एका खात्यातून निघाले ते वाटेतला खर्च वजा जाता दुसऱ्यात जमा झालेले दाखवता येते. म्हणून या दोघांना एका गुणाचे प्रकार मानणे हे, निदान माझ्या मते, आजही मान्य करता येण्यासारखे मत आहे. प्रश्न तिसऱ्याचा आहे. भावनेला या दोघांच्या शेजारी बसवले की, तिच्याही बाबतीत जमा आणि खर्चाचा हाच कायदा चालत असावा असा ग्रह होतो; उपदेशकांची सगळी इमारत याच ग्रहावर उभी आहे. पण नळकांड्यातला ताण वापरला की संपतो. आठवण वापरली की संपते काय? स्मरण झाल्यावर संस्कार उरतो की फळ देऊन नष्ट होतो, याचा नैयायिकांत पुष्कळ खल झालेला आहे. पण नष्ट होतो म्हणणाऱ्यांनाही, ते स्मरणच नवा संस्कार मागे ठेवते असे म्हणावे लागते, आणि वारंवार स्मरणाने संस्कार दृढ होतो हे उभयपक्षी मान्य आहे. म्हणजे या खात्याची रीतच उलटी. जितके काढावे तितके वाढते.

क्रोधाला हे लावून पाहावे. कचेरीत वरिष्ठाचा शब्द झोंबलेला माणूस ओठ मिटून घेतो, नमस्कार करतो, घरी येतो, जेवतो, आणि रात्री अंथरुणावर तोच शब्द पुन्हापुन्हा उलटून पाहतो. चाके थांबली आहेत, पण नळकांड्यातला दाब साडेतीनशे वातावरणांचा आहे. लोक त्याला संयमी म्हणतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे, आणि मला वाटते ही संज्ञा केवळ ढोंग्यासाठी नाही. या बिचाऱ्यालाही ती लागू आहे, जरी त्याने कोणाला फसवण्याचा बेत केलेला नसला तरी. ज्याला आपण डूख धरणे म्हणतो ते याहून वेगळे नव्हे. अभियंत्याच्या दृष्टीने जी मोटार श्रेष्ठ, तिच्या धर्तीवर जगणारा माणूस शेजाऱ्याच्या दृष्टीने धोकादायक असतो. क्षमा करणारा मनुष्य मात्र जुन्या, उधळ्या ब्रेकचा असतो: वेग थांबला, थोडा वेळ ऊब जाणवली, ती हवेत गेली, आणि पुढच्या घराशी जाताना तो मागच्या घरातले काहीच बरोबर नेत नाही. इंधनाच्या हिशेबात ही निव्वळ नासाडी आहे. परमार्थात ती नासाडी आहे असे म्हणायला कोणी धजावणार नाही.

पैठणच्या नाथांची आख्यायिका सर्वांच्या परिचयाची आहे. गोदावरीचे स्नान करून परतताना एक उर्मट मनुष्य माडीवरून त्यांच्या अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, आणि हा प्रकार कितीतरी वेळा चालतो. या कथेचे मर्म ‘नाथांनी क्रोध आवरला’ एवढ्यात आहे असे मला वाटत नाही. आवरलेला क्रोध साठत गेला असता तर एकाच वाटेवरच्या इतक्या थांब्यांनंतर कुठल्याही नळकांड्याची मर्यादा संपली असती, आणि शेवटच्या स्नानाला जाणारा माणूस पहिल्या स्नानाला जाणाऱ्याहून निश्चितच अधिक भयंकर असता. कथा सांगते ती याच्या उलट. प्रत्येक खेपेला गोदावरीत उतरणारे नाथ पहिल्या खेपेइतकेच रिते आहेत. इथे संयमाचे भांडवल होत नाही, आणि म्हणूनच तो संपतही नाही.

या विवेचनावर द्रौपदीच्या वतीने एक फिर्याद दाखल होईल, आणि ती फेटाळून लावता येणार नाही. वनपर्वात ती युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बली यांचा संवाद ऐकवते: सदासर्वदा तेजही श्रेयस्कर नाही आणि सदासर्वदा क्षमाही नाही. भर सभेत जिची विटंबना झाली तिने ती ऊब हवेत जाऊ द्यावी असे सांगणाऱ्याला तिच्यापुढे उभे राहण्याचा अधिकार नाही, हे मला मान्य आहे. तेरा वर्षे पांडवांनी जे राखून ठेवले ते युद्धात खर्ची पडले, कौरव बुडाले, प्रतिज्ञा पुऱ्या झाल्या. पण मग नळकांडे रिकामे झाले काय? महाभारतकाराने याचे उत्तर, कोणी विचारण्याच्या आत, आश्रमवासिकपर्वात देऊन ठेवले आहे. युद्धाला पंधरा वर्षे लोटली, धृतराष्ट्र म्हातारा होऊन पांडवांच्याच अन्नावर राहत आहे, आणि भीम त्याला आणि गांधारीला ऐकू जाईल अशा बेताने दंड थोपटून, याच बाहूंनी दुर्योधनाला मारले म्हणून बढाई मारतो. ते असह्य होऊन म्हातारा वनाची वाट धरतो. इतके सारे खर्चूनही भीमाच्या खात्यात शिल्लक होतीच, आणि तो ती उगाळून वाढवीत होता.

याला आडवी जाणारी कथा स्त्रीपर्वात आहे, ती लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धृतराष्ट्र भीमाला आलिंगन द्यायला निघतो, त्याच्या मनातले ओळखून कृष्ण भीमाऐवजी लोखंडी पुतळा पुढे सारतो, आणि आंधळा राजा तो पुतळा मिठीत चिरडून टाकतो. त्यानंतर त्याचा क्रोध ओसरतो. म्हणजे कोंडलेला दाब बाहेर पडला आणि नळकांडे रिते झाले, असा या कथेचा अर्थ लोरेन्झच्या बाजूने कोणी लावील, आणि वरवर पाहता तो चूक ठरवता येणार नाही. परंतु तोच राजा लगेच भीमाच्या नावाने टाहो फोडतो, हेही कथेतच आहे. आपण भीमाला खरोखरच मारले या समजुतीने त्याला शोक झाला. प्रशस्तपादांनी भावनेचे विरोधी म्हणून ज्यांची नावे दिली आहेत त्यांत ज्ञान आहे, मद आहे, आणि दुःखही आहे. वापर किंवा निचरा हा त्या यादीत नाही. धृतराष्ट्राला रिते केले ते पुतळ्याच्या चुऱ्याने की शोकाने, याचा निवाडा करायचा झाला तर माझे मत शोकाच्या बाजूने आहे. भीमाला दुर्योधनासाठी कधी शोक झालाच नाही.

आणि तरीही राखून ठेवण्यासारखे काही असतेच, हे नाकारले तर जगात अन्यायाचे फावेल. आपल्याच प्रांतातील दाखला घ्यायचा तर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे तो निश्चय नुसता कोंडून ठेवलेला नव्हता. सभांतून त्याचा उच्चार झाला, निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी आपापल्या धर्माकडे येण्याचा आग्रह केला, धर्मग्रंथांचे वाचन आणि तुलना चालू राहिली. आणि दर उच्चाराने, दर वाचनाने तो कमी न होता अधिक स्पष्ट होत गेला. म्हणजे भावनेच्या खात्याची तीच उलटी रीत इथेही चालली, पण डूख धरणाऱ्याच्या बाबतीत जी रीत शाप ठरते ती इथे वर ठरली.

हा फरक कशाने पडतो, याचा उलगडा प्रशस्तपादांच्याच एका बारीक विभागणीत होण्यासारखा आहे. भावना तीन प्रकारच्या ज्ञानांपासून उपजते असे ते म्हणतात. एक पटु म्हणजे तीव्र ज्ञान, जसे दक्षिणेकडच्या मनुष्याला एकाएकी उंट दिसावा. दुसरे अभ्यासाचे, जसे विद्या, शिल्प आणि व्यायाम यांत होते. आणि तिसरे आदराचे, जिथे मनुष्य पूर्वी न पाहिलेली वस्तू पाहण्याच्या इच्छेने प्रयत्नपूर्वक मन एकाग्र करतो, जसे देवसरोवरातील सोन्यारुप्याची कमळे पाहण्यासाठी. क्रोधाजवळ यांतले पहिले दोन भरपूर असतात: अपमान उंटासारखा अवचित समोर येतो, आणि रात्रीच्या उजळणीने अभ्यासही उत्तम होतो. तिसरे त्याच्याजवळ नसते, कारण क्रोधाला जे पाहायचे ते त्याने पाहून झालेले असते. त्याचे डोळे कायम मागे, त्या एका शब्दाकडे किंवा त्या एका सभेकडे लागलेले असतात. येवल्याची घोषणा करणाऱ्याने काय सोडायचे ते त्याच दिवशी सांगितले होते. काय धरायचे याचा शोध घेण्यात पुढची एकवीस वर्षे गेली.